बेटवाडीत वळखीचं कोण?

आबा इंगवले दाढ काढायला गेले तेव्हाची गोष्ट आधी सांगतो, म्हणजे माणूस काय चीज आहे ते कळेल. गाल सुजून टम्म झालेला. डॉक्टरांनी इंजेक्शन भरून हातात धरलेलं. आणि आबा तोंड उघडायला तयार नाहीत. डॉक्टर नवीन होते, त्यांना वाटलं म्हातारा घाबरला. आबांनी हातानं थांबा अशी खूण केली आणि त्या सुजलेल्या गालाआडून विचारलं, "डॉक्टर, तुमचं आजोळ कुठलं?" डॉक्टर म्हणाले, गडहिंग्लज. "गडहिंग्लजात कुणाच्यात?" असं करत करत डॉक्टरांचे मामा आणि आबांचा चुलत मेहुणा एका साखर कारखान्यात शेजारशेजारच्या टेबलावर बसायचे, इथपर्यंत गाडी आली तेव्हा कुठं आबांनी आ केला. "आता वडा," म्हणाले. बाहेर बाकावर पेशंट ताटकळलेले. त्यांची बोलणी कुणी खाल्ली? मी, सोबत गेलो होतो म्हणून.

आबा राजारामपुरीत आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. शाहूपुरीत त्यांचं नट-बोल्टचं दुकान. गिऱ्हाईक आलं की आधी "पावणं कुठलं?", मग "कुणाच्यात?", मग चहा, आणि मग बोल्ट. घाईचं गिऱ्हाईक दुसरीकडं जातं. आबांना त्याचं काही नाही. "मास्तर," मला म्हणतात, "बिनवळखीचा माणूस नसतोय. आपण इचारायला कमी पडतोय."

मी शाळेत भूगोल शिकवायचो, म्हणून मास्तर.

एकदा त्यांच्याकडं राँग नंबर लागला. बेळगावच्या कुणा बाईनं दुधवाला समजून फोन केला होता. दुसरा कुणी असता तर राँग नंबर म्हणून ठेवून दिला असता. आबांनी त्या बाईंचं माहेर विचारलं. पुढच्या वैशाखात आम्ही बेळगावला त्यांच्या मुलीच्या लग्नात पंगतीला बसलो होतो. आहेरावर माझंही नाव घातलं होतं त्यांनी, मला न विचारता!

आता हे सगळं चालून जातं. पण आबांचा एक नियम होता, त्यानं मात्र आमचा जीव काढला. ज्या गावात वळखीचं कोणी नाही, त्या गावात आबा मुक्काम करत नाहीत. लॉजवर तर नाहीच नाही. "लॉजवर बेवारशी माणूस ऱ्हातोय," हे त्यांचं ठाम मत. आमची गल्लीची सहल मालवणला गेली होती. लॉज ठरलेला, खोल्या झाडून ठेवलेल्या. आबा दारातूनच मागं फिरले आणि बाजारात जाऊन तासाभरात एक वळख काढून आले. एका माणसाच्या साडूनं कधीकाळी त्यांच्या दुकानातून वॉशर नेले होते. झालं! आम्ही सगळे बायकापोरांसकट त्या बिचाऱ्याच्या पडवीत झोपलो. माझ्या पायाशी रात्रभर बोकड होता. सकाळी त्या घरच्या बाई रडत होत्या, आम्ही चाललो म्हणून! ह्याला काय म्हणायचं?

आबांची मुलगी शुभा कॉलेजात असतानाच तिची आई गेली. शुभा त्यांची एकुलती एक. पोरगी हुशार. कॉम्प्युटरचं इंजिनिअरिंग केलं आणि दोन हजार सालाच्या आसपास नोकरी लागून थेट नॉर्वेला, ओस्लोला गेली. दरवर्षी बोलवायची, आबा दरवर्षी नाही म्हणायचे.

"अहो, पोरगी आहे की तुमची तिथं!" मी म्हणायचो.

"पोरगी हाय, ते झालं. गावात कोण?"

मग एका रविवारी तिचा फोन आला. आबांचा फोन सगळी गल्ली ऐकते, त्यामुळं मी चोरून ऐकला असं कुणी म्हणू नये. नॉर्वेच्या पार उत्तरेला समुद्रात बेटांची रांग आहे, लोफोटेन नावाची. तिथल्या एका लहानशा बेटावर शुभानं जूनमध्ये एका रात्रीसाठी कोळ्यांचं जुनं घर भाड्यानं घेतलं होतं. ती म्हणाली, "आबा, यंदाही तुम्ही नाही आलात तर मी एकटीच जाऊन राहणार आहे. सुट्टीत इथं सगळे आपापल्या घरी जातात."

आबांनी फोन ठेवला आणि तसेच आमच्याकडं आले. चेहरा उतरलेला. "मास्तर, नकाशा काडा. पोरगी एकटी मुक्काम करणार म्हणतीया. जायला पायजे. पर बेटावर वळखीचं कोण हाय ते आदी बगाय पायजे."

मी नकाशा पसरला. बेटं कुठं आहेत ते दाखवलं. आबांनी त्या बेटाचं बारसंच केलं. नाव उच्चारता येईना, म्हणून बेटवाडी. "बेटवाडीला तालुका कुठला पडतोय?"

"आबा, तिथं जूनमध्ये सूर्य मावळत नाही," मी म्हणालो. भूगोल सांगायची संधी मी सोडत नाही.

"मावळत न्हाई? मग मुक्काम कसला ओ? नुसतं थांबलो म्हणायचं. आनि जेवायचं कधी?"

तयारी सुरू झाली. दुकानातल्या भिंतीवर, कॅलेंडरच्या जागी माझा नकाशा लागला. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच प्रश्न. "नॉर्वेत कोण हाय का तुमचं?" एकाचा भाचा न्यूझीलंडला निघाला. दुसऱ्याच्या भावकीतला कुणी नैरोबीला होता. आबा प्रत्येकाला चहा पाजायचे, नकाशावर बोट ठेवायचे आणि मान हलवायचे. "लांब पडतंय." मे महिना लागला तरी वळख निघेना. आबांची भूक गेली. शुभाला हो म्हणून बसले होते, तिकीट आलेलं, आणि नियम तर मोडवेना. एवढा आडदांड माणूस, पण दुकानात गप्प बसायला लागला. गिऱ्हाइकांना नुसतेच बोल्ट द्यायला लागला, तेव्हा मात्र मला काळजी वाटली.

शेवटी शिरोली एमआयडीसीतले फाउंड्रीवाले मगदूम आले. त्यांचं कास्टिंग परदेशी जायचं. कुठं जातं? स्वीडनला! आबा खुर्चीतून उठलेच. "मास्तर, स्वीडन म्हंजे नॉर्वेला निपाणीगत. हद्द वलांडली की झालं!" मगदूम म्हणाले, जाळं ओढायच्या यंत्राचं चाक आमच्याकडं ओततात, ते तिकडं मासेमारीच्या बोटींवर बसतं असं ऐकून आहे. कुठल्या बोटीवर ते काय आम्हांला ठाऊक नाही.

आबांना तेवढं बास झालं. "म्हंजे आमच्या आदी आमचं लोखंड जाऊन बसलंय तितं! वळख निगतीया की!"

त्या दिवशी शाहूपुरीत किती जणांनी फुकट चहा प्यायला विचारू नका. आणि खरं सांगू? छाती माझीही फुगली. मी आयुष्यभर पोरांना नॉर्वेची राजधानी पाठ करायला लावली, पण शिरोलीचं लोखंड त्या थंड समुद्रात काम करतंय हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग बॅग भरली. कांदा-लसूण चटणी, गुळाची ढेप, आणि एक हिरवी इरकली साडी, खण, नारळ. "हे कुणाला?" मी विचारलं. "ज्या घरात ऱ्हायाचं, त्या घरच्या बाईची वटी नको भराय? रिकाम्या हातानं कुणाच्यात जात्यात व्हय?" ते घर भाड्याचं आहे, तिथं बाई-बिई कुणी नसणार, हे मी सांगून बघितलं. आबांनी माझ्याकडं असं बघितलं की मी साडीची घडी घालायला मदत केली.

जूनअखेरीस आबा परत आले ते राजासारखे. दुकानापुढं खुर्च्या मांडल्या, भडंग आलं, आणि आबांनी सांगायला सुरुवात केली.

"उतरलो की धक्क्यावर. लाल लाल लाकडी घरं, पाण्यात खांबावर हुबी. वारं म्हंजे, माझी टोपी गेली ती डायरेक्ट रत्नागिरीकडं! आन पयलीच बोट बगतोय तर जाळं वडायचं चाक. म्हणलं, थांब. जवळ जाऊन हात लावला. शिरोलीचं! बोटीची मालकीण म्हातारी आली. तिला म्हणलं, बाई, हे आमच्या गावचं लोखंड. म्हातारीनं घरात न्हेलं, जेवू घातलं. वळख निगाली का न्हाई?"

मगदूमांनी दुसऱ्या दिवशी फाउंड्रीत पेढे वाटले. कामगारांना म्हणाले, आपलं चाक बेटवाडीत बघून आलेत आबा.

पुढच्या उन्हाळ्यात शुभा आली. आमच्याकडं जेवायला बसली होती, आबा दुकानात गेलेले. बोलता बोलता मी चाकाचा विषय काढला, तर ती घास हातात धरून माझ्याकडं बघत राहिली.

"कसलं चाक, काका?"

मग तिनं सांगितलं ते असं.

ते घर रिकामंच होतं. किल्ली दाराशेजारच्या पेटीत. आकडे फिरवायचे, किल्ली काढायची, आत जायचं, तिकडची पद्धतच तशी. आबा पायरीवरच थांबले. "मालक घरात न्हाई आन आपण कुलूप काडायचं? चोर हाय काय आपण?" शुभानं समजावलं, रागावली, शेवटी एकटी आत जाऊन चहा करून आली. आबांनी तो बॅगेवर बसून, मफलर गुंडाळून, त्या वाऱ्यात प्यायला. आत काही आले नाहीत. मग उठले, पिशवी घेतली आणि चालायला लागले. ज्या पहिल्या घराच्या खिडकीत माणूस दिसलं त्याचं दार वाजवलं. एका उंच म्हातारीनं दार उघडलं. एकटीच राहणारी, हातात विणकाम.

"आबांनी तिचं माहेर विचारलं, काका. मला सांगायला लावलं. ती म्हणाली, पलीकडच्या बेटावरचं. तिथं कुणाच्यात, ते विचारलं. भाऊ काय करतो, नवरा काय करायचा, सगळं विचारलं. ती बिचारी हसत सांगत होती. लोखंडाचंही विचारलं. तिच्याकडं बोटच नव्हती. काही म्हणता काही जुळेना. आबांची वळख पहिल्यांदाच निघाली नाही."

"मग?"

"मग त्यांनी पिशवी उचलली. मला वाटलं, आता परत फिरणार. तर त्यांनी पिशवीतली साडी काढली, तिच्या हातात दिली आणि हात जोडले. म्हणाले, बाई, मला माझं सगळं गाव हाय. ह्या पोरीला आई न्हाई. हितं तिला कोण न्हाई. हिची वळख ठेवा. मला म्हणाले, सांग तिला. मी नाही सांगितलं. मला लाज वाटली. मग त्यांनी तेच मोठ्यांदा सांगितलं. आबांना वाटतं, मोठ्यांदा बोललं की कळतं." शुभा हसली, पण डोळे भरले होते. "तिनं मला विचारलं, काय म्हणतायत तुझे वडील? मग मलाच सांगावं लागलं, माझ्या तोंडानं, तिच्या भाषेत. की मला इथं कुणी नाही. चार वर्षांत मी हे कुणापुढं बोलले नव्हते, काका. आबांनाही कधी कळू दिलं नव्हतं, असं वाटायचं मला."

म्हातारीनं तिला हाताला धरून आत नेलं आणि टेबलावर आणखी दोन ताटल्या मांडल्या. आबा तिथं पोटभर जेवले आणि तिच्या बाकावर घोरत झोपले. आता दर रविवारी त्या बाईंचा शुभाला फोन येतो. नाताळात शुभा तिच्याकडं राहायला जाते. ऑफिसात विचारलं की सांगते, आत्याकडं चाललेय.

संध्याकाळी मी दुकानात गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. मी म्हणालो, "आबा, ते चाकाचं खोटं का सांगितलंत?"

आबांनी आधी इकडंतिकडं बघितलं. "पोरीनं सांगितलं व्हय?" मग बोल्टांचा खोका पुढं ओढून निवडत बसले. "मास्तर, मी काय, एक रात पायरीवर बी काडली असती. पोरीला तितं जनम काडायचाय." एक बोल्ट बाजूला काढून म्हणाले, "गल्लीत काय सांगू? आबा इंगवल्यानं परक्या बाईफुडं हात जोडलं म्हणून?"

मी त्यांना पस्तीस वर्षं ओळखतो. दुकानाला आग लागली तेव्हा कुणाकडं मदत मागितली नाही. बायको गेली तेव्हा आमच्यासमोर रडले नाहीत. त्या माणसानं टोपी उडालेल्या उघड्या डोक्यानं, जगाच्या त्या टोकाला हात जोडले. माझ्या शेजारी असा माणूस राहतो, याचा मला अभिमान आहे, आणि तो मी सगळ्या गल्लीला सांगणार. मगदूमांना काय वाटायचं ते वाटू दे.