चिंचेत उकळलेली गदा

राधाबाईंनी कुकरचं झाकण काढलं आणि "अगा बाप्पा!" म्हणून त्या दोन पावलं मागे सरल्या. डाळीच्या जागी, चिंचेच्या काळ्याभोर पाण्यात, मोठ्या बेलफळाएवढा लोखंडी गोळा बसला होता. वर त्याला पकडायला कानही होता.

"अवो, हे काय शिजवून राहिले तुम्ही?"

टिकाराम ओसरीतून धावतच आले. "हळू बोल. गदा हाये."

"कोनाची?"

"ते अजून ठरलं नाही. पन पुरानी हाये. किती शिट्ट्या झाल्या?"

"शिट्ट्या गेल्या खड्ड्यात! सप्त्याच्या भाजीसाठी ठेवलेली चिंच होती ते. आनं मह्या कुकरात कायले?"

"देवाचं काम हाये वो. चिंचेनं जंग सुटते."

सिहोऱ्याच्या शाळेतून कारकून म्हणून निवृत्त झाल्यावर टिकारामांनी दोन गोष्टी जिवाला लावून घेतल्या होत्या. एक कीर्तन, आणि दुसरं ते जमिनीतला धातू हुडकणारं यंत्र. कानाला हेडफोन लावून ते पहाटेपासून गावतलावाच्या कोरड्या पात्रात फिरत. वर्षभरात त्यांना बाटल्यांची झाकणं, नांगराचा फाळ आणि शेजाऱ्याच्या फाटकाची बिजागरी एवढंच सापडलं होतं. बिजागरीला त्यांनी आठ दिवस कट्यार मानलं होतं. मग तलावातला गाळ काढायला जेसीबी आला, आणि उकरलेल्या काळ्या मातीत यंत्र असं केकाटलं की टिकाराम जागच्या जागी दचकून बसले. हाताला हा गोळा लागला. अंगभर गंजाचे पापुद्रे, आणि कानावर ओळीनं ठोकलेले तीन ठिपके.

"त्रिशूळाची खून हाये," त्यांनी ठरवून टाकलं. "मारुतीच्या देवळासमोरच्या तलावात गदेचं डोकं निघालं. याच्याहून मोठा इशारा कोनता पायजे?"

शेजारचे यादोराव मास्तर बघायला आले. आयुष्यभर विज्ञान शिकवलेला माणूस. त्यांनी गोळा सगळ्या बाजूंनी पाहिला. "टिकारामजी, हे अजून घासू नका. फोटो काढा आणि म्युझियममध्ये पाठवा. काय आहे ते तेच सांगतील."

"मास्तर, हळद न लावता नवरदेवाचा फोटो कोनी पाठवते काय?"

"जास्त हळद लावली तर नवरदेव ओळखू यायचा नाही."

पण ऐकतो कोण! चिंचेनंतर त्याच संध्याकाळी गोळ्याला रॉकेल लावून झालं आणि लोखंडी ब्रशनं घासून झालं. तेव्हा तळाशी एक मोठं भोक दिसलं, आणि भोकात घट्ट बसलेलं राखाडी बूच. टिकारामांचे डोळे चमकले. बूच कोणी उगाच लावत नाही, आत काहीतरी असणारच! त्यांनी पेचकस घातला, हातोडी मारली, आणि तासाभरानं ते मऊ, जड बूच अख्खं बाहेर आलं. मागे भोक रिकामं. टिकारामांनी रागानं बूच अंगणात भिरकावलं. राधाबाईंनी ते उचललं आणि खारूताई झाकण पाडते म्हणून लोणच्याच्या बरणीवर ठेवून दिलं. घरात काही वाया जाऊ द्यायचं नाही ही त्यांची रीत.

दुसऱ्या दिवशी गोळा कैलाशच्या वेल्डिंगच्या दुकानात गेला.

"काका, किती चमकवू?"

"मारुतीले आपलं तोंड दिसलं पायजे."

कैलाशनं ग्राइंडर सुरू केला. ठिणग्यांची अशी फुलबाजी उडाली की टिकारामांनी हात जोडले. दोन चकत्या झिजून संपल्या, पण गोळा ताटासारखा लखलखला.

काल्याचा दिवस उजाडला. सप्ताहाचा शेवट म्हणजे काल्याचं दुपारचं कीर्तन, मग दहीहंडी, मग महाप्रसाद. आणि हंडी फोडायचा मान पिढ्यान्‌पिढ्या टिकारामांच्या घराचा. कारण त्यांचे आजोबा दौलतशेट. त्यांचं किराणा दुकान देवळाला लागून होतं, आणि शेवटी शेवटी तर ते प्रत्येक गिऱ्हाइकाला मापावर मूठभर जास्त देत. देवळाच्या खांबावर कोरलेलं आहे, 'धर्मात्मा दौलतशेट'. टिकारामांनी आयुष्यात दुसरा कोणताच मान मिळवला नव्हता. पण वर्षातून एकदा हंडीची काठी हातात आली की त्यांची छाती सदऱ्यात मावत नसे.

मधुकरबुवा रंगात आले होते. गळा असा गोड की ऐकता ऐकता डोळे आपोआप मिटावेत. सत्याचा महिमा सांगता सांगता ते दरवर्षीप्रमाणे दौलतशेटवर आले, टाळ-मृदंगाचा गजर झाला, आणि बुवांनी खूण केली. टिकारामांनी लाल मखमलीच्या गादीवर तो लखलखीत गोळा आणला.

"मायबापहो," बुवा भरल्या आवाजात म्हणाले, "ज्या घरात सत्य, त्याच घराला तलावानं गदा दिली!"

सगळ्यांनी हात जोडले. बायकांत पुढे बसलेल्या ऐंशीच्या घरातल्या शकुनबाईंनी मात्र चष्मा वर केला. जवळ आल्या, कानावरचे ठिपके बोटानं चाचपले आणि म्हणाल्या, "गदा कायची बापा? हे तं दौलतशेटची पासरी हाये. हे तीन ठिपके अख्ख्या गावाले ठाव होते."

किलो यायच्या आधी पाच शेर तोलायचं जे वजन दुकानात असे, तीच ही पासरी. पेटीवाल्याचं बोट एका सुरावर अडकून राहिलं. टिकारामांनी आधी गोळ्याकडे, मग खांबाकडे पाहिलं. गदा गेली याचं दुःख करावं की आजोबांची खूण मिळाली याचा आनंद, हे ठरायच्या आतच मागून कोणीतरी खुसखुसलं, "वजन तलावात कायले गेलं होतं मनावं? तोलून तं पाहा!"

इथं टिकाराम गप्प बसले असते तर कथा संपली असती. पण आजोबांच्या नावाला बोट लागलेलं त्यांना कसं खपणार? ते ताडकन बोलून गेले, "तोला! आत्ताच तोला! महादेवाशप्पत सांगतो, गुंजभर कमी भरली तं ते खांबावरचं नाव मी मह्या हातानं खोडून टाकतो. आनं हंडीचा मान बी नोको मले!"

महाप्रसादाच्या तांदळासाठी आणलेला बिजलीचा काटा मंडपातच होता. यादोराव मास्तरांनी चष्मा पुसला. "शेर म्हणजे नऊशे तेहतीस ग्रॅम. पाच शेर म्हणजे चार किलो सहाशे पासष्ट." त्यांनी पासरी काट्यावर ठेवली. लाल आकडे धावले आणि थांबले. चार किलो एकशे ऐंशी.



"अर्धा किलो कमी!" मागचा आवाज आता धीट झाला होता. "म्हनून तलावात लपवली!"

"धर्मात्मा म्हने!"

 टिकाराम मखमलीच्या गादीवरच बसले. खांबावरचं नाव समोर दिसत होतं, आणि ते नाव आता आपल्यालाच खोडायचं आहे! बुवांनी वीणा छातीशी धरली. 

इतक्यात बायकांच्या बाजूनं राधाबाई उठल्या. "थांबा जी! हे वजन असं नोहतं. याच्या बुडातलं बूच यायनं काढलं. मह्या लोणच्याच्या बरणीवर हाये!" आणि पदर खोचून त्या घराकडे निघाल्याही.

बूच आलं. मास्तरांनी नखानं ओरखडून पाहिलं. "हे शिसं. वजन बरोबर भरावं म्हणून तळात ओतायचे. हा बघा, सरकारी शिक्का." बूच काट्यावर चढलं, दोनशे नव्वदनं आकडा वाढला.

"तरी दोनशेक कमीच हाये," मागचा आवाज.

मग कैलाश मान खाली घालून उभा राहिला. "काका, बाकीची पासरी मह्या दुकानात जमिनीवर पडली हाये." तो पळत गेला आणि झाडून भरलेली पिशवी घेऊन आला. ती काट्यावर ठेवताच आकडा पाच किलोच्याही पुढे गेला. कारण भुशात सरपंचांच्या फाटकाचा, दोन खिडक्यांचा आणि एका पाळण्याचाही भुसा होता.

"आता तं आजाच घाट्यात आला!" कोणीतरी ओरडलं आणि मंडप हसून लोळला.

मास्तर हसले नाहीत. "काटामारी आजोबांनी केलीच नाही. सत्तर वर्षांनी नातवानं केली, तीही चिंच लावून."

टिकारामांनी दोन्ही कान पकडले. डोळ्यांत पाणी होतं, पण नाव वाचलं होतं. "पन मास्तर," ते पुटपुटले, "पासरी तलावात कशी गेली?"

"मी फेकली," शकुनबाई म्हणाल्या.



"दहा-अकरा वर्साची होतो मी. तुहा आजा काटा एवढा सरळ ठेवे, का वरून गुळाचा खडा बी देत नोहता. मांगितला तं म्हने, चाल हो तिकडं. आला मले राग! शेनाच्या टोपल्यात घातली पासरी आनं टाकली तलावात."

"आनं मंग आज्यानं?"

"मंग काय? नवी येईपर्यंत एक दगड ठेवला पासरीच्या जागी. दगडाचा काय भरोसा? कोनाले कमी जाऊ नये म्हनून वरून एक मूठ जास्त टाके. लोक लागले पाया पडाले. नवी पासरी आली, पन मूठ काही बंद करता नाही आली बिचाऱ्याले."

टिकाराम त्या ऐंशी वर्षांच्या सुरकुतल्या चेहऱ्याकडे बघत राहिले. ज्या मुठीवर त्यांच्या घराचा मान उभा होता, ती मूठ या बाईच्या रागानं उघडली होती! बुवांनी वीणा बाजूला ठेवली आणि वाकून शकुनबाईंना नमस्कार केला. म्हणाले, "माय, देव कोणाच्या हातानं काय करवून घेईल, काही सांगता येत नाही."

टिकाराम उठले. खांबाला टेकवलेली, फुलं बांधलेली काठी त्यांनी दोन्ही हातांनी उचलली. एक क्षण ती सोडवेना. मग त्यांनी ती शकुनबाईंपुढे धरली.

"आजी, यंदा हंडी तुम्ही फोडा."

शकुनबाईंनी काठीकडे पाहिलं. पेटीवाल्याच्या डोक्यावर टांगलेल्या हंडीकडे पाहिलं. मग काट्यावर लखलखणाऱ्या पासरीकडे पाहिलं आणि पदर कमरेला खोचला.

"काठी कायले रे बापा? ते पासरी दे इकडं."

सगळ्यात आधी पेटीवाला पळाला.