जडसंग्रह नोंद क्रमांक ८८: एक घडीची सायकल

देह नश्वर आहे, आत्मा अमर आहे, आणि सरकारी वाहन या दोहोंच्या मधे कुठंतरी अडकलेलं आहे. हे ज्याला उमगलं त्याला नव्या जिल्ह्याचा कारभार समजायला वेळ लागत नाही. माणिकप्पाला उमगलं होतं. सोमवारी संध्याकाळी शिवकीर्तनात टाळ धरायचा आणि दिवसा सरकारी नोकरी करायची, असा त्याचा बावीस वर्षांचा नेम; सध्या तो टंचाई कक्षात पाणी तपासनीस होता. त्यामुळं मायेचा पसारा त्याला दोन्ही अंगांनी दिसत असे.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. नव्या जिल्ह्याला सगळं मिळतं, बसायला जागा तेवढी मिळत नाही. कक्षाला तुरीच्या अडतीवरची माडी भाड्यानं घेऊन दिली होती (खाली तूर चाळायला घेतली की वर फायलीसुद्धा शिंकत). जुन्या जिल्ह्याकडून वाटणीत चाळीस खुर्च्या यायच्या ठरल्या होत्या. तेवीस आल्या, आणि त्यांतल्या नऊ खुर्च्यांचे हात मागाहून पाठवत आहोत असं कळवण्यात आलं. पाऊस मात्र वाटणीत कुणाच्याच वाट्याला आला नव्हता. सलग दुसरं साल कोरडं चाललं होतं.

माणिकप्पाचं काम साधं होतं. शहरात ज्या गल्लीचा हातपंप आटला तिथं जायचं, दांडा हलवायचा, पाणी येत नाही हे डोळ्यांनी पाहायचं आणि पाहणी अहवाल लिहायचा. अहवालाशिवाय टँकर सुटत नसे. हे काम तो पायी करी आणि दिवसाला चार गल्ल्या उरकी. असली व्यवस्था फार दिवस टिकू देणं जिल्ह्याच्या हिताचं नव्हतं.

सुदैवानं शिरस्तेदार बसवंतराव दूरदृष्टीचे होते.

"माणिकप्पा, नव्या जिल्ह्याचा माणूस चपला घाशीत फिरून राहिला. लोकं काय म्हणत असतील?"

"पानी कवा येतंय म्हनतात साहेब."

"तेच म्हणतो मी. वाहन पाहिजे."

पण दुष्काळामुळं काटकसर म्हणून वाहनखरेदी बंद होती, आणि नवा जिल्हा म्हणून फर्निचर खरेदी जोरात चालू होती. दुसरं, साधी सायकल घ्यावी तर ती ठेवायची कुठं? खाली अडतीसमोर बैलगाड्या. अशा वेळी बसवंतरावांना एका मासिकात घडीच्या सायकलीचं चित्र दिसलं, आणि ज्ञानी माणसाला दिसावं तसं त्यांना त्यातलं तत्त्व दिसलं. घडी घातली की सायकल चालत नाही, पण तिच्यावर टेकता येतं. जे चालत नाही पण ज्यावर टेकता येतं ते फर्निचर. (हेच लक्षण पुढं काही कर्मचाऱ्यांनाही लागू पडेल, अशी शंका हिशेबनिसानं काढली. ती नोंदवून घेऊन फेटाळण्यात आली.)

निवड समिती नेमली. सभासद पाच. त्यांतल्या दोघांना सायकल चालवता येत होती, म्हणून पक्षपात नको यासाठी त्यांना मत देण्यापासून वगळलं. सात बैठका झाल्या. मुख्य पेच चाकाचा होता. सायकल ठेवायची कपाटात, आणि मोठं चाक कपाटात जाईना. लहान चाक शहराच्या खड्ड्यात जाई आणि वर येईना. समितीनं गंजाच्या बाजारापासून स्टेशनपर्यंतचे खड्डे मोजले, ते दोनशे चौदा निघाले. सरासरी खड्ड्यापेक्षा मोठं आणि सरासरी कपाटापेक्षा लहान असं चाक हवं, असा ठराव झाला. या दोन मापांमधे दीड बोटाचं अंतर निघालं. एवढ्या दीड बोटात जिल्ह्याचा विकास बसवायचा होता.

तीन दरपत्रकं आली. लातूरच्या दुकानदारानं लिहिलं होतं, 'सायकल नग एक, करवत नग एक, बिजागऱ्या नग दोन. घडी गिऱ्हाइकानं आपल्या सोयीनं घालून घ्यावी.' नांदेडच्या दुकानदारानं घडीची खाट आहे, चालेल का, अशी विचारणा केली होती. (समितीतल्या दोघांना ती जास्त आवडली.) तिसरं पत्रक मुंबईचं. सायकल तिथून आली आणि जडसंग्रह नोंदवहीत अठ्ठ्याऐंशी क्रमांकावर, पाट आणि स्टुलाच्या मधे, चढली.

आता साहित्य. फर्निचरला घंटी लागत नाही, म्हणून घंटी नामंजूर. माणिकप्पानं आपल्या टाळांची जुनी जोडी आणून सुतळीनं हँडलला बांधली. दिव्याऐवजी टेबलावरचा दिवा मिळाला, नऊ फूट वायरसकट, म्हणजे सूर्यास्तानंतर नऊ फूट फिरण्याची सोय झाली. कुलूप नाकारलं, कारण फर्निचर पळून जात नाही. चिखलपट्ट्यांचा प्रस्ताव 'पाऊस पडल्यानंतर सादर करावा' असा शेरा मारून परत आला, आणि या एकाच बाबतीत कक्षाचा निर्णय वस्तुस्थितीला धरून होता असं मानावं लागेल.

या सगळ्यात दोन महिने गेले, आणि सायकल यायच्या आधीच घोंगडेगल्लीचा हातपंप आटला होता. गल्लीत बेचाळीस घरं. तिथली गौरम्मा अर्ज घेऊन आली, मग पुढं दर गुरुवारी येत राहिली. बायका दीड कोसावरच्या खदानीतून गढूळ पाणी आणत होत्या. एक बाळंतीणही त्यात होती, पोर पाचव्या दिवसाचं.

"अप्पा, कवा येनार तुम्ही?"

"सायकल आली की येतोच अक्का."

पुढच्या गुरुवारी ती कपाटात डोकावून म्हणाली, "आली की सायकल. हिच्यावर घागर बसती का?"

"घागर न्हाई बसत. मीच अजून बसलो न्हाई. उघडली की ती वाहन होती, अन् वाहनाची मंजुरी न्हाई."

"मग चालत या की. माजं घर हितून दिसतंय."

माणिकप्पानं खिडकीतून पाहिलं. खरंच दिसत होतं. दारात रिकाम्या घागरी उपड्या घातलेल्या होत्या, त्यासुद्धा दिसत होत्या.

"दिसतंय हाव," तो खाली बघत म्हणाला. "पन दिसनं येगळं, पाहनी येगळी."

कारण बसवंतरावांनी परिपत्रक काढलं होतं: वाहन उपलब्ध असताना पायी जाणं हा वाहनाचा अवमान समजण्यात येईल. माणिकप्पा रविवारी गुपचूप जाऊन आला. दांडा हलवला, नुसती हवा आली. बाळंतिणीच्या दारात तो घटकाभर थांबला. पण रविवारी पाहिलेलं शासनानं पाहिलेलं नसतं. त्या सोमवारी कीर्तनात त्याचा टाळ दोनदा चुकला, आणि बावीस वर्षांत हे पहिल्यांदा झालं.

मंगळवारी तो साहेबांपुढं उभा राहिला.

"साहेब, मोडकी खुर्ची आपन सुताराकडं नेतो. फर्निचर हलवायला मनाई न्हाई. अठ्ठ्याऐंशी नंबर घोंगडेगल्लीच्या सुताराकडं नेऊ. मी संगं."

"म्हणजे चालत?"

"फर्निचरमागं चालनं म्हंजे चालनं न्हाई साहेब. ती देखरेख हाय."

बसवंतरावांनी त्याच्याकडं प्रथमच आदरानं पाहिलं, आणि देखरेखीवर देखरेख करायला ते स्वतः निघाले.

हमालाचं पद रिक्त होतं. म्हणून गौरम्मा आणि गल्लीतल्या तिघी जणी आल्या. सायकल पाटावर ठेवली, धुळीपासून रक्षण म्हणून वरून दप्तराचं लाल बासन घातलं, आणि चौघींनी पाट खांद्यावर घेतला. पुढं चौघी अनवाणी, मागं हात जोडल्यागत चालणारा माणिकप्पा, त्यामागं टोपी घातलेले बसवंतराव, आणि पावलागणिक लाल कापडाखाली वाजणारा टाळ.

शहरानं एकदाच पाहिलं आणि ओळखलं. गंजातल्या हमालांनी पोती खाली ठेवली. पानवाल्यानं नारळ फोडला. घोंगडेगल्लीच्या तोंडाशी येईतो मागं शंभर माणसं जमली होती.

"कोन देव म्हनावं हे?"

"नवा हाय. जिल्ह्यासंगं आलाय."

आणि मग गल्लीतली दारं उघडली. देव दारावरून चालला की तो वाहणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालायचं, ही तिथली रीत. पहिल्या घरातून एक म्हातारी तांब्या घेऊन आली.

"नका वतू माय," गौरम्मा पाटाखालून म्हणाली. "देव न्हाई, सायकल हाय ही."

"असू दे की. नंदी बी वाहनच हाय," म्हातारी म्हणाली आणि तांब्या रिता केला.

बेचाळीस घरं, बेचाळीस तांबे. खदानीतून आणून, गाळून, पोराबाळांपासून झाकून ठेवलेलं पाणी. बाळंतिणीची सासूही आली. तिचा तांब्या अर्धाच होता. ती त्याबद्दल माफी मागत होती.

रस्त्यावर चिखल झाला. बसवंतरावांच्या बुटात पाणी गेलं. त्यांनी तिथंच वही उघडून लिहिलं: 'पाहणीच्या वेळी रस्त्यावर पाणी आढळले. टंचाई दिसून येत नाही. टँकर नामंजूर.' मग वही सहीला माणिकप्पापुढं धरली.

माणिकप्पानं लेखणी घेतली. चौघींचे ओले पाय त्याच्यासमोर होते. तो आत गेला, घराघरांत जाऊन आला, आणि उभ्याउभ्याच खाली लिहू लागला: 'पाणी आढळले हे खरे. ते चौघींच्या पायांवरून वाहत होते. पायांवरून वाहिलेले पाणी घागरीत परत भरण्याची पद्धत या जिल्ह्यात अद्याप सुरू झालेली नाही. बेचाळीस घरांतील घागरी स्वतः हात घालून पाहिल्या. सर्व कोरड्या. टँकर आजच द्यावा.'

"हे नियमात बसत नाही," बसवंतराव म्हणाले.

"घडी घालून बसवा साहेब."

बसवंतरावांनी सही केली. नसती केली, तर आपण इथं आलो कशाला हे लिहावं लागलं असतं.

टँकर पाच वाजता आला, पण गल्लीच्या तोंडाशीच थांबला. झालं असं, की खाली ठेवताना बासन सरकलं आणि कुणीतरी घडी उघडली. आता सगळा गंज लोटला आहे. कितीला पडली, डबलसीट चालते का, नवसाला पावते का, अशी विचारपूस चालली आहे. नांदेडचा एक पाहुणा खाटेशी तुलना करतो आहे. माणिकप्पा दोन्ही हातांनी लोकांना मागं सारतो आहे, पण त्याचं कुणी ऐकत नाही. आणि सगळ्यांच्या मागं टाचा उंच करून, चाक केवढं आणि बिजागरी कुठं हे कौतुकानं बघत उभे आहात ते तुम्ही. टँकरवाल्यानं तिसऱ्यांदा हॉर्न दिला आहे, आणि त्याला अजून दुसऱ्या गल्लीत जायचं आहे. जरा बाजूला सरका. तुमच्या पाठीमागं गौरम्मा घागर घेऊन उभी आहे.