चिमण्याच्या हाताचा गुण

कीबोर्ड धुवावा असं चिमण्याच्या मनात आलं ते निव्वळ मातृप्रेमापोटी. आईच्या जुनाट कम्प्युटरच्या बटणांवर बोट ठेवलं की चिकटत होतं, रविवारची दुपार होती आणि जेवण जरा जास्त झालं होतं. अशा वेळी माणूस एक तर झोपतो, नाहीतर काहीतरी दुरुस्त करायला घेतो. चिमण्या झोपला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

(चिमण्या म्हणजे कुणी लहान पोर नव्हे. वय बेचाळीस, विमा कंपनीत सीनियर क्लार्क. वजन किती, ते काट्यावर उभं राहिल्याशिवाय कळणार नाही आणि तो काट्यावर उभा राहत नाही. जन्मला तेव्हा मूठभर होता म्हणून आई चिमण्या म्हणाली, ते कायमचं चिकटलं.)

ऑफिसात त्याला कम्प्युटरमधलं सगळं कळतं असा बोलबाला होता. सगळ्यांनी ज्याच्यापुढे हात टेकले होते असा एक प्रिंटर त्याने एकदा बंद करून पुन्हा चालू केला होता, आणि तो चक्क चालला होता. शिवाय चिमण्या कीबोर्डकडे ढुंकूनही न बघता टाइप करायचा. नजर खिडकीबाहेर आणि बोटं आपली चाललेली. कुणी बघतंय असं वाटलं तर वेगही वाढायचा.

तर त्या दुपारी त्याने चमच्याच्या दांड्याने एकेक बटण उपटलं, साबणाच्या पाण्यात बुचकळलं, टॉवेलवर वाळवलं आणि पुन्हा जागच्या जागी ठोकून बसवलं.

"बघा, एकही बटण उरलं नाही!" त्याने जाहीर केलं.

"कौतुक आहे," शब्दकोड्यातून मान वर न करता बाबा म्हणाले. "भिंतीवरचं घड्याळ उघडलं होतंस तेव्हा दोन चाकं उरली होती."

चिमण्याने तिकडे दुर्लक्ष केलं. बाहेरून झालं, आता आतूनही स्वच्छ करू, म्हणून त्याने कम्प्युटरमधला वर्षानुवर्षं साठलेला कचराही, लक्षात ठेवलेल्या पासवर्डांसकट, पुसून टाकला आणि कृतकृत्य होऊन आपल्या घरी गेला.

पुढच्या आठवड्यात ऑफिसात आईचा फोन.

"चिमण्या, ईमेल मला आत घेत नाहीये रे. आधी सरळ उघडायचं. आता पासवर्ड मागतंय, आणि टाकला की चुकीचा म्हणतंय."

"मग चुकत असेल."

"मला चूक म्हणतोस?" पलीकडून आवाज आला, आणि चिमण्या खुर्चीत सरळ झाला. आई मोठ्या इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झाली होती. तो आवाज ऐकून सर्जनसुद्धा पुन्हा हात धुवायला जात असत.

प्रकरण गंभीर होतं. ज्या नर्सिंग स्कूलमध्ये आई शिकली, तिथे नव्या मुलींसमोर भाषण करायला तिला बोलावलं होतं. प्रमुख पाहुणी म्हणून! प्राचार्यांचा फोन येऊन गेला होता, की रीतसर ईमेल केलंय, संध्याकाळी पाचपर्यंत लेखी होकार आणि चार ओळींचा परिचय पाठवा, निमंत्रणपत्रिका छापायला जायच्या आहेत.

"मी पाठवतो ना इथून, माझ्या ईमेलवरून," चिमण्या म्हणाला.

"माझा होकार तू कशाला देतोस? उत्तर गेलं नाही तर ते आमच्या इस्पितळातल्या बड्या डॉक्टरसाहेबांना बोलावणार आहेत. ते काय सांगणार मुलींना? त्यांना आयुष्यभर थर्मामीटर कुठे ठेवलाय ते नर्सला विचारावं लागलं!"

चिमण्याने साहेबांकडून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. ("आईकडे इमर्जन्सी आहे, माझ्याशिवाय कुणाला जमणार नाही," असं त्याने साऱ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.)

तो पोचला तेव्हा कम्प्युटर धापा टाकत सुरू होत होता. "आत्ताच जाग आलीय त्याला," बाबा म्हणाले. "चहा होईपर्यंत उठून बसेल."

चहा झाला. पडद्यावर आईचा ईमेलचा पत्ता आपोआप आला. पासवर्डची चौकट तेवढी रिकामी होती.

"काय आहे पासवर्ड?"

आईने उगाच टेबलावरची धूळ पुसली. "तुझंच नाव, इंग्रजी अक्षरांत. चिमण्या. आणि पुढे दोन, एक, शून्य, शून्य."

"हा कसला आकडा?"

"जन्मलास तेव्हाचं तुझं वजन. ग्रॅममध्ये."

चिमण्याला एकदम भरून आलं.

"आताचं टाकायचं म्हटलं तर चौकटीत मावणार नाही," बाबा म्हणाले, आणि भरून आलेलं ओसरलं.

चिमण्याने बाह्या सरसावल्या, खिडकीबाहेर पाहिलं आणि बोटं चालवली. ईमेल उघडलं. पहिल्या फटक्यात!

"अगं बाई!" आई म्हणाली. "थांब, बंद कर. तू गेल्यावर माझं मला उघडता यायला हवं." तिने चष्मा लावला, एका बोटाने एकेक अक्षर शोधत, नाडी तपासल्यासारखं दाबत पासवर्ड टाकला. चुकीचा. पुन्हा टाकला. पुन्हा चुकीचा. चिमण्याने टाकला, उघडलं.

"पेशंट माणूस ओळखतोय," बाबा म्हणाले.

"तुझ्या हाताला गुण आहे हो," आई कौतुकाने म्हणाली. हे वाक्य उभं आयुष्य लोक तिला म्हणत आले होते. ते आज तिच्या तोंडून आपल्याला ऐकायला मिळतंय म्हटल्यावर चिमण्या जो फुगला तो फुगलाच. त्याने समजावायला सुरुवात केली. बटण घाबरत दाबायचं नाही. मनगट सैल हवं. यंत्राला आत्मविश्वास कळतो.

"तुझा हात जरा कापतो का गं हल्ली?"

"माझा?" आई म्हणाली. "तान्ह्या बाळाची शीर एका टोचणीत सापडते या हाताला!"

"मग मनातून घाबरत असशील. पुन्हा टाक. आत्मविश्वासाने."

आईने आत्मविश्वासाने टाकला. मग सैल मनगटाने टाकला. मग खिडकीबाहेर बघण्याचा हट्ट चिमण्याने धरला, तेव्हा तिने तसाही टाकला, आणि भलत्याच तीन बटणांवर बोट पडलं. त्याबरोबर पडद्यावर लाल अक्षरं आली. फार वेळा चुकलात, खातं काही वेळ बंद ठेवलं आहे, नंतर या.

घड्याळात चार वाजत आले होते. (हे नवं घड्याळ. जुन्याचं काय झालं ते मघाशी आलंच आहे.)

"कम्प्युटरच म्हातारा झालाय," चिमण्याने निदान केलं. "याच्यात आता काही राम नाही. नवा घ्यावा लागेल."

"निदान जमलं नाही की डॉक्टरही असंच म्हणतात," आई म्हणाली आणि तिने हात मांडीवर ठेवले. मग हळूच म्हणाली, "त्याच हॉलमध्ये मी शेवटच्या बाकावर बसायचे रे. व्यासपीठ कधी जवळून पाहिलंच नाही."

चिमण्या पडद्यासमोरून हलला नाही. पाचाला थोडाच वेळ उरला असताना खात्यावरची बंदी उठली, आणि त्याने पासवर्ड टाकला. ईमेल उघडलं.

"चल, सांग पटापट. मी टाइप करतो."

"तू ऊठ," आई म्हणाली. "होकार माझा आहे."

ती बसली. एका बोटाने इंग्रजी अक्षरं दाबत 'नमस्कार' लिहिला. पडद्यावर उमटलं, 'मनस्कार'.

आईने ते वाचलं. कीबोर्डकडे पाहिलं. पुन्हा पडद्याकडे पाहिलं. मग अगदी शांतपणे, राउंडवर विचारावं तसं विचारलं, "चिमण्या, या बटणावर काय लिहिलंय?"

"एन."

"एन दाब बरं."

चिमण्याने सवयीने खिडकीबाहेर बघत दाबलं. एन उमटला.

"आता बघून दाब."

कित्येक वर्षांत पहिल्यांदाच चिमण्याने टाइप करताना कीबोर्डकडे खाली बघितलं आणि एन लिहिलेलं बटण दाबलं. एम उमटला.



"एकही बटण उरलं नाही म्हणाला होतास," बाबा म्हणाले.

"नाहीच उरलं," चिमण्या पुटपुटला.

"खरंय. फक्त दोघांनी घरं बदलली."

आईने केसांतली पिन काढली, दोन्ही बटणं अलगद उचलली, जागा बदलून बसवली आणि लिहायला लागली. होकार लिहिला. चार ओळींचा परिचय मागितला होता, तिने एकच ओळ लिहिली, की मी पस्तीस वर्षं नर्स होते आणि अजूनही आहे. पाचाच्या ठोक्याला पत्र गेलं. मागे उभं राहून वाचताना चिमण्याला आईचा असा काही अभिमान वाटला, की स्वतःचा वाटून घ्यायला जागाच उरली नाही.

भाषणाच्या दिवशी तो पहिल्या रांगेत बसला होता. हॉल भरला होता आणि आई कागद न घेता बोलत होती. "मुलींनो, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी तीनदा वाचायची. उचलताना, ओतताना आणि परत ठेवताना. हात कितीही सरावला तरी न बघता काही करायचं नाही. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी कीबोर्ड धुतला..." हॉलचं हसू थांबेना. सगळ्यात मोठ्याने चिमण्याच हसत होता. शेजारच्या अनोळखी बाईंना त्याने न विचारताच सांगितलं, "माझी आई."

इतक्यात माइक बंद पडला. चिमण्या सवयीने उठला, बाह्या सरसावल्या आणि व्यासपीठाकडे निघाला.

"चिमण्या, खाली बस!"

नेमका त्याच क्षणी माइक सुरू झाला होता. साडेतीनशे मुलींनी वळून पाहिलं. चिमण्या खाली बसला. मागच्या रांगेत बाबा अभिमानाने मुलींना सांगत होते, "जन्मला तेव्हा जेमतेम एकवीसशे ग्रॅम होता. आता खरं वाटतं का?"

अशा रीतीने आईचा पासवर्ड, नाव आणि आकड्यांसह, हॉलभर झाला.

घरी येताच आईने तो बदलला. स्वतः, एका बोटाने, तीनदा वाचून.

"माझं नाव काढलंस?" चिमण्याने जरा दुखावूनच विचारलं.

"छे रे. नाव तुझंच आहे. फक्त वजन आताचं टाकलंय."

"पण मी काट्यावर कुठे उभा राहिलोय?"

"पेशंट उचलण्यात जन्म गेला माझा, मला नजरेनेच कळतं," आई म्हणाली आणि कम्प्युटर बंद केला. "आणि तू काट्यावर उभा राहत नाहीस, म्हणून तर टाकलंय. आता तो पासवर्ड तुला कधीच कळायचा नाही."