माकणीचा ढग, ढोकीची घार

माणसाचा फोटो कुणीही काढील, रानाचा फोटो काढायला कलेजा लागतो, असं उमरग्याच्या वजीरभाई फोटोवाल्यांचं म्हणणं होतं. माणसाला ‘हसा’ म्हटलं की ते हसतं. बांधाला काय म्हणणार?

आणि फोटो कसा पाहिजे? तर ‘गंभीर’! हा वजीरभाईंचा खास शब्द. त्यांच्या फोटोत साधी शेणाची गोवरी आली तरी ती कसल्याशा विचारात पडल्यासारखी दिसायची. आता आमच्याकडचं आभाळ म्हणजे वर्षातले बहुतेक दिवस धुतलेल्या धोतरासारखं पांढरं. त्याच्यात गंभीर ते काय असणार? पण वजीरभाई डगमगणारे नव्हते. रानाचा फोटो घेऊन यायचे, दुकानामागच्या काळ्या खोलीत शिरायचे आणि कागदावर आधी रान उतरवायचे. मग रानावर पुठ्ठा धरायचा, दुसरी निगेटिव्ह लावायची आणि वरच्या कोऱ्या जागेत ढग उतरवायचा. कोपऱ्यांना जरा जास्त उजेड दाखवून ते काळे करायचे, मधे हाताचा पंजा हलवत राहायचं. पडद्याच्या फटीतून कुणी पाहिलं तर वाटावं, हा माणूस भूत उतरवतोय!

ढगाची निगेटिव्ह मात्र एकच. पण ढग काय होता महाराजा! काळंकुट्ट आभाळ, त्यात पिंजून निघालेला पांढराशुभ्र डोंगर आणि डोंगराच्या खांद्यावर पंख पसरलेली एक घार. पहिला फोटो दुकानाच्या काचेत लागला त्या दिवशी समोरच्या नागूबाईनं वाळत घातलेल्या कुरडया आत नेल्या. हैदराबादकडं निघालेल्या ट्रकवाल्यानं खाली उतरून मालावर ताडपत्री बांधली. खोटं वाटत असेल तर नागूबाईला विचारा. ती आता नाही, पण असती तर हेच म्हणाली असती.

“मास्तर, ह्यो ढग कुठं घावला?” लोक विचारायचे.

“तपश्चर्या आहे त्यामागं,” वजीरभाई म्हणायचे आणि दुकानाला लागून असलेल्या घराच्या पडद्याकडं हळूच बघून विषय बदलायचे.

तर मराठवाडा महाराष्ट्रात आला त्याच्या एक-दोन वर्षांनंतरची गोष्ट. आळंदच्या रस्त्यावरच्या एका गावात गुरुसिद्धप्पा म्हणून बडी असामी होती. लेक अयोध्या लग्नाची. जमीन डोळ्यांनी बघितल्याबिगर लेक द्यायची नाही असा त्यांचा पण, आणि नेमका त्याच साली त्यांचा गुडघा आखडलेला. मग त्यांनी निरोप धाडला, “आम्ही रानाकडं येऊ शकत न्हाय, तर रानानं आमच्याकडं यावं. फोटो पाठवा.”

माकणीचे हणमंतप्पा हा निरोप घेऊन थेट वजीरभाईंच्या दुकानात आले. संगती त्यांचा लेक शिवशरण. पोरगा कामाला वाघ, बोलायला मुका.

“मास्तर, सोयरीक तुमच्या हातात हाय! रान असं दिसलं पाहिजे की बघणारा उठून उभा राहिला पाहिजे.”

“त्यांचा गुडघा आखडलाय ना?”

“तरीबी उठला पाहिजे!”

वजीरभाई कॅमेऱ्याची तिपाई खांद्यावर टाकून माकणीला गेले. ऐन उन्हाळा, काळी नांगरट, एक विहीर, एक बाभूळ. आभाळात चिमणीएवढाही ढग नाही. फोटो घेतला, काळ्या खोलीत शिरले, आणि बाहेर आलं ते रान पाहून हणमंतप्पांनी स्वतःच विचारलं, “हे कुणाचं?”

इथवर सगळं ठीक होतं. पण त्याच आठवड्यात ढोकीचे बसवंतप्पा आले. त्यांचाही मुलगा लग्नाचा, त्यांनाही रानाचा फोटो पाहिजे, तोही गंभीर. ऊस दाखवायचा होता. वजीरभाईंनी ऊस घेतला आणि त्यावर तोच ढग चढवला. फोटो कुठं जाणार हे त्यांनी विचारलं नाही. कलावंताला असल्या चौकशा शोभत नाहीत!

आठ-पंधरा दिवसांनी दुकानासमोर बैलांची दमणी थांबली. आखडल्या गुडघ्यानिशी गुरुसिद्धप्पा काठी टेकत उतरले, मागून डोक्यावर पदर घेतलेली अयोध्या. दोन्ही मुलांच्या बापांना पोरांसकट तिथंच बोलावलेलं होतं. ते आधीच येऊन बाकाच्या दोन टोकांना एकमेकांकडं पाठ करून बसले होते.

गुरुसिद्धप्पांनी दोन्ही फोटो टेबलावर आपटले.

“मास्तर, हे माकणी. हे ढोकी. मधी केवढं अंतर हाय?”

“बरंच आहे की.”

“मग दोन्हीकडं एकच ढग कसा? एकाच जागी, एकाच घारीसकट? म्हणजे ह्या दोघांतल्या एकानं दुसऱ्याचं रान आपलं म्हणून दाखवलंय! असल्या घरात म्या लेक देत न्हाय. कोण ते आत्ता सांगा. न्हायतर दोन्ही सोयरिकी मोडल्या, आणि तुमच्या दुकानाचं नाव आळंदपतुर बदनाम करतो!”

वजीरभाई टेबलावरची धूळ पुसायला लागले.

“ढग आमचा हाय!” हणमंतप्पा ओरडले. “मला चांगला आठवतोय. बाभळीच्या वर होता. गार वारं सुटलं होतं!”

“तुमचा?” बसवंतप्पा ताडकन उठले. “तुमच्या माकणीला धूर निघायची मारामार, ढग कुठला? ढग आमच्या उसावरचा! घारीला तर आम्ही रोज बघतो!”

“घार माकणीची!”

“तुमच्याकडं खायला काय हाय म्हणून घार येईल?”

“मास्तर, तुम्ही बोला!” गुरुसिद्धप्पांनी काठी आपटली.

“त्याचं काय आहे अप्पा, ढग फिरता असतो. सकाळी माकणीला निघाला, वाऱ्यानं दुपारी ढोकीला पोचला...”

“घारीला संगं घिऊन?”

“घारीला सावली लागते ना.”

“पंख बी न हलवता?”

“दमली असेल,” वजीरभाई म्हणाले. आपल्याच कानांवर त्यांचा विश्वास बसेना.

तेवढ्यात बसवंतप्पांच्या लेकाला चेव चढला. टोपी सरळ करत, डोळ्यांच्या कोपऱ्यातून अयोध्येकडं बघत तो म्हणाला, “म्या सोता त्या ढगाखाली भिजलोय! अंगरखा पिळावा लागला!”

“आता तू सांग रं!” हणमंतप्पांनी शिवशरणला कोपर मारलं. “तू बी भिजलास का न्हाय?”

शिवशरणनं मान खाली घातली. पायाच्या अंगठ्यानं फरशी कोरली. मग म्हणाला, “मला त्या दिवशी ढगच दिसला न्हाय.”

“मेलो!” हणमंतप्पा बाकावर बसले ते कपाळावर हात मारूनच.

आणि ह्या गडबडीत अयोध्येनं टेबलावरचं वजीरभाईंचं भिंग कधी उचललं कुणालाच कळलं नाही. ती फोटोवर वाकली होती. एकदा माकणीवर, एकदा ढोकीवर.

“अप्पा,” ती हळूच म्हणाली, “घारीला पाय किती असत्यात?”

“दोन. का गं?”

“हिला सहा हायत.”

गुरुसिद्धप्पांनी भिंग ओढून घेतलं. “अय्यो!” मग हणमंतप्पांनी बघितलं, बसवंतप्पांनी बघितलं. सगळे भिंगातून वर आले ते वजीरभाईंकडं बघतच.

आता ह्या माणसाची अडचण समजून घ्या. खरं सांगावं तर घर पेटतं. न सांगावं तर एका खरं बोलणाऱ्या पोराचं लग्न मोडतं आणि वर दुकान जातं. वजीरभाईंनी घराच्या पडद्याकडं एकदा बघितलं, डोक्यावरची टोपी काढली आणि आवाज शक्य तेवढा बारीक केला.

“ती... माशी आहे.”

“माशी? एवढी? अन् ढगावर कशाला बसली?”

“तो ढग नाही. कापूस आहे. काळ्या घोंगडीवर पसरून फोटो घेतला होता. माशी कधी बसली ते मला काळ्या खोलीत कळलं. बरी दिसली, म्हणून ठेवली.”

“कापूस?” गुरुसिद्धप्पा म्हणाले. “कुठला कापूस?”

वजीरभाईंनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. पण पडदा ऐकत होता. पडदा हलला आणि आतून आवाज आला. तो ऐकून बाहेर दमणीचे बैलसुद्धा उभे राहिले.

“कौनसा कापूस जी?”

ह्या सकिनाबी, वजीरभाईंच्या घरवाल्या. त्यांच्या जहेजमधल्या, माहेराहून आलेल्या गादीत गेल्या वर्षापासून गाठी झाल्या होत्या. एक गाठ तर बरोबर पाठीच्या कण्याखाली यायची. ‘पिंजाऱ्यानं काम बिघडवलं’ असं वजीरभाईंनीच शपथेवर सांगितलं होतं, आणि सकिनाबींनी त्या गरीब पिंजाऱ्याला लाटणं घेऊन वेशीपर्यंत पोचवलं होतं.

“मेरी गादी उसवून ढग केला जी तुम? अन् मैं सालभर ढगावर झोपतेय?”

“सकिना, लोक बसलेत...”

“बसू देत! उभं तर तुमाला ऱ्हायचंय!”

हसू पहिल्यांदा फुटलं ते गुरुसिद्धप्पांना. गुडघा धरून ते हसत सुटले. हसता हसता त्यांनी विचारलं, “मास्तर, आभाळ कापसाचं. मग जमीन तरी खरी हाय का?”

“जमीन दोघांचीही खरी, अप्पा. आभाळ तेवढं माझं.”

“म्हणजे न झालेल्या ढगाखाली हे गृहस्थ भिजले!” त्यांनी काठीचं टोक ढोकीच्या नवरदेवाकडं केलं. तो टोपी नीट करण्यात गुंतला होता. मग काठी हणमंतप्पांकडं वळली. “अन् तुमाला गार वारं लागलं. खरं बोललं ते एकटं हे पोरगं. काय गं अयोध्या?”

अयोध्येनं भिंग डोळ्याला लावलं, ते सरळ शिवशरणकडं रोखून. पोराचे कान लाल झाले.

“ह्येंचे पाय दोनच हायत, अप्पा,” ती म्हणाली.

सोयरीक जमली.

लग्न पुढच्या वैशाखात माकणीला लागलं. वजीरभाईंना फोटोला मानानं बोलावलं होतं. अक्षता पडल्या आणि नवरानवरीला बाभळीखाली उभं करतात तोच आभाळ भरून आलं. खरा ढग! काळा, उंच, कडेला उन्हाची जर! वर खरीखुरी घार, दोन पायांची! वजीरभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. डोळे पुसत त्यांनी फोटो घेतला. काळ्या खोलीत काही म्हणता काही केलं नाही. जसा आला तसा फोटो गुरुसिद्धप्पांच्या हातात ठेवला.

गुरुसिद्धप्पांनी तो लांब धरला. जवळ धरला. भिंगातून बघितला.

“मास्तर, पोरं झकास आलीत. पण ह्यो ढग काय खरा वाटत न्हाय. तुमचा त्यो घाला की, गादीतला!”

आता आली का पंचाईत! ती निगेटिव्ह सकिनाबींनी दुकानातल्या त्या तमाशाच्या दिवशीच चुलीत घातली होती. वजीरभाई संध्याकाळी घरी आले, काळी घोंगडी अंगणात पसरली आणि गादीच्या कोपऱ्याशी मान खाली घालून उभे राहिले.

सकिनाबींनी सगळं ऐकून घेतलं. कात्री आणून त्यांच्या हातात दिली. आणि घोंगडीशेजारी बसून पंख्यानं वारा घालायला लागल्या.

“उसवा,” त्या म्हणाल्या, “मैं माशा हाकते!”