कस्तुराच्या गाण्याचा मधला भाग

बसा पाहू नीट. मागच्यांनी मोबाइल खाली ठेवा. गोष्ट छोटी आहे, जीव जाणार नाही कुणाचा.

एका जंगलात एक कस्तुर पक्षी राहत होता. शीळ घालण्यात त्याच्या तोडीचं कोणी नव्हतं.

सिंहमहाराजांच्या बँडमध्ये जागा रिकामी होती. महाराजांना जांभई आली की तुतारी फुंकायची, एवढंच काम. पण कस्तुर म्हणाला, "छे! मी स्वतंत्र कलाकार."

स्वतंत्र कलाकार म्हणजे काय, बाळांनो? गाणं आपणच रचायचं, आपणच गायचं, पोस्टरही आपणच चिकटवायचं. आणि कोणी विचारलं तर म्हणायचं, "आमच्या टीमने केलं."

त्याचं एक ओढ्याचं गाणं होतं. त्यातला मधला भाग त्याच्या आईने शिकवलेला. आई गेली, तेवढा भाग राहिला. हे गाणं सगळ्या जंगलाने एकदा तरी शेवटपर्यंत ऐकावं, एवढीच त्याची इच्छा होती.

तूर्त शेवटपर्यंत ऐकणारी एकच होती, कासवआजी. गाणं सुरू झालं की ती कातळावरून खाली निघायची. गाणं संपलं तरी उतरतच असायची. मग म्हणायची, "परत म्हण रे, राजा."

माकडं म्हणाली, "नुसतं गाणं कोण ऐकतं हल्ली? काहीतरी दाखव की!"

म्हणून कस्तुराने लघुपट काढला. ओढा, कातळ, कातळावरून उतरणारी कासवआजी आणि वर त्याचं गाणं. लघुपट घेऊन तो जंगलातल्या लघुपट महोत्सवाच्या परीक्षकांकडे गेला.

कोल्हा म्हणाला, "आजीबाई झकास! गाणं तेवढं मध्ये मध्ये येतं."

कस्तुराने सुरुवात कापली.

बगळा एका पायावर उभा राहून म्हणाला, "शांततेला जागा द्या, कस्तुरराव."

कस्तुराने शेवट कापला. उरला मधला भाग.

"आता हा एवढा तुकडा कशाला ठेवताय?" रानडुक्कर म्हणालं. "हा काढा, पहिला नंबर तुमचा."

कस्तुर तीन दिवस जेवला नाही. चौथ्या दिवशी त्याने तोही कापला. आधी नाव होऊ दे, मग गाणं ऐकवू, असं त्याने मनाला समजावलं. आपण सगळेच समजावतो.

पहिला नंबर आला! अस्वलं ढसाढसा रडली. कोल्ह्याने गळ्यात हार घातला. "दोन शब्द बोला."

"बोलत नाही," कस्तुर म्हणाला, "गातो."

सगळं जंगल गप्प झालं. साळिंदरानेसुद्धा खुडबुड थांबवली. आयुष्यभर वाट पाहिली तो क्षण हाच.

कस्तुराने चोच उघडली. पहिली ओळ अर्ध्यात थांबली. पुढचं आठवेना. कापून कापून त्याला कापलेलंच गाणं पाठ झालं होतं. तो चोच उघडी ठेवून तसाच उभा राहिला.

"अहाहा!" बगळा ओरडला. "केवढी ही शांतता!" टाळ्या काही केल्या थांबेनात.

कार्यक्रम आटोपला, मांडव उतरला, तेव्हा कासवआजी पोहोचली. परवाच निघाली होती बिचारी.

"झालं का रे गाणं?"

"झालं, आजी."

"मग तुझ्या आईचा तो मधला भाग तेवढा म्हण माझ्यासाठी."

"तो कापला, आजी."

"सिनेमातून कापलास. गळ्यात असेल की!"

कस्तुराने गळ्यात शोधलं. हाराखाली शोधलं. आजी मान बाहेर काढून थांबली होती. तिला कुठे घाई होती?

"आजी," कस्तुर शेवटी म्हणाला, "तुला येतं का गं ते?"

"मला कसं येईल, राजा? मी नुसती ऐकायची."

तात्पर्य : मुलांनो, खूप मेहनत करा आणि मोठे व्हा. पूर्ण गाणं येत असेल तर मात्र लपवून ठेवा, अर्धं विसरल्याशिवाय सत्कार होत नाही. आणि जो शेवटपर्यंत ऐकतो, त्याला सत्काराला कधीही बोलावू नका. तो गाणं मागतो.