त्रिकोणी बांधी

संगणकाच्या खोलीत संगणक ठेवायचा की तांदळाची पोती, हा प्रश्न मुख्याध्यापक उदाराम बिसेन यांनी आपल्यापुरता सोडवून टाकला होता. पोषण आहाराच्या तांदळाला उंदीर लागले होते. संगणकाला अजून कोणीच लागलं नव्हतं.

"मॅडम, थे मशीन चादर पांघरून झोपली आहे," ते प्रेमिला रहांगडालेंना म्हणाले. "तांदूळ तरी पोराइच्या पोटात जाते."

प्रेमिला मॅडम गणित शिकवायच्या. गोंदियाला प्रशिक्षणात त्यांनी एक नवं सॉफ्टवेअर पाहिलं होतं. आकडा बदलला की पडद्यावरची आकृती ताणली जायची, आकसायची. तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

"सर, सोमवारी विस्तार अधिकारी येऊन राहिले ना? त्यांच्यासमोर पाठ घेते. नाही जमला, तर खुशाल पोती टाका."

घरी त्यांनी त्रिकोणाच्या क्षेत्रफळाचा पाठ तयार केला. पहिल्यांदा प्रत्येक त्रिकोणाचं उत्तर शून्य आलं. बऱ्याच खटपटीनंतर कळलं की सॉफ्टवेअरमध्ये आकड्यांच्याही जाती असतात. नुसतं एक भागिले दोन लिहिलं की ते पूर्णांक समजतं, आणि पूर्णांकात अर्ध्याला थारा नाही. अर्ध्याचं झालं शून्य, आणि शून्याने गुणल्यावर काय उरणार? त्यांनी ०.५ लिहिलं आणि गाडी रुळावर आली. जुनी फाइल पुसायचा मात्र त्यांना धीर झाला नाही. दर सुधारणेला नवं नाव देत 'त्रिकोण नवा', 'त्रिकोण पक्का' करत त्या 'त्रिकोण एकदम पक्का'पर्यंत आल्या. सगळ्या फाइली पेन ड्राइव्हमध्ये भरून त्या सोमवारी शाळेत हजर झाल्या.

शाळेच्या संगणकात मराठी अक्षरंच नव्हती. प्रत्येक फाइलच्या नावाच्या जागी चौकोनांची माळ दिसू लागली.

"त्रिकोण शिकवणार होत्या ना तुमी?" उदाराम सरांनी वाकून पाहिलं. "इथं तं सारे चौकोनच आहेत!"

मॅडमनी तर्क चालवला. सगळ्यात लांब माळ म्हणजे 'एकदम पक्का'. त्यांनी तीच उघडली. पहिल्या दिवशीच्या उत्साहात पहिल्याच फाइलला 'त्रिकोणाचे क्षेत्रफळ - सौ. प्रेमिला रहांगडाले' असं भरघोस नाव दिलं होतं, हे त्या साफ विसरल्या होत्या.

पडद्यावर हिरवागार त्रिकोण उमटला. पोरं माना उंचावून पाहू लागली. विस्तार अधिकारी शालीकराम साहेब देवरीकडचे. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"माही धानाच्या वावरातली एक बांधी अशीच तीनकोनी आहे जी. पाया चाळीस मीटर, उंची तीस. टाका बरं."

मॅडमनी आकडे टाकले.

"शून्य!" पोरं एका सुरात ओरडली.

"शून्य?" साहेब दचकले. "मंग यंदा धान लावलं कुठी मी?"

वर्गात हशा उसळला.  मॅडमना पोती डोळ्यांसमोर दिसायला लागली. चूक त्यांच्या लक्षात आली होती, फक्त ०.५ लिहायचं होतं. पण त्यांनी हात पुढे केला तोवर उदाराम सरांनी कीबोर्ड ओढून घेतला होता.

मुख्याध्यापक होण्याआधी सर गणितच शिकवायचे. तांदूळ आणि अहवालांच्या रगाड्यात खडू कधी सुटला ते त्यांनाही कळलं नव्हतं. पण एक भागिले दोन शून्य? त्यांच्या शाळेत?

एका बोटाने त्यांनी तीन भागिले दोन टाकलं. एक. पाच भागिले दोन. दोन.

"कोन खाऊन राहिला अर्धा?"

"सर, पूर्णांकात अर्ध्याला जागा नसते. ते टाकून देते मशीन."

"टाकून देते? कायले?" सरांनी पडद्यावरचं सूत्र पुन्हा वाचलं. मग त्यांचे डोळे चमकले. "तिले पहिलेच अर्धं कायले मांगता? पहिले पाया गुणिले उंची, मंग भागा दोननं!"

त्यांनी तसं लिहिलं. पडद्यावर सहाशे उमटलं. पोरांनी टाळ्या पिटल्या, साहेब हसत सुटले. "भेटली माही बांधी!"

मॅडमनी ०.५ साठी पुढे केलेला हात मागे घेतला.

सर मात्र खुर्ची सोडेनात. साहेबांचा चहा निवला, पोरं घरी गेली, साहेबांनीही बस गाठली. दुसऱ्या दिवशी सरांनी पोती स्वतःच्या कार्यालयात हलवली आणि आपलं टेबल संगणकाच्या खोलीत आणून लावलं. मॅडम परत फळ्यावर शिकवू लागल्या. संगणकाजवळ जायची त्यांची पाळीच येईना.

रविवारी घरी मॅडम पापड वाळत घालत होत्या. फोन वाजला.

"मॅडम, ऋण चारचं वर्गमूळ मांगलं तं मशीन 'नॅन' म्हणते. हे नॅन कोन?"

"सर, म्हणजे हा आकडाच नाही, असं म्हणते ते."



"मीबी तेच शिकवलं ना जी आयुष्यभर," सर हरखून म्हणाले. "एवढ्या वर्षांत या शाळेत पहिल्यांदा कोनाले माहं म्हणणं पटलं!"