चोवीस तास बिनचहाचे

कारभारी तात्यांना तपासणीच्या टेबलावर झोपवलं, मनगट पुसून घेतलं आणि डॉक्टरांनी विचारलं, "तात्या, चहा नाही ना घेतला?"

"घेतला. अर्धा कप."

टेबलाभोवतीची लगबग जागच्या जागी थांबली आणि तात्यांची परत खाटेवर रवानगी झाली. ही दुसरी खेप होती.

गंगापूर रोडवरच्या त्या दवाखान्यात तात्या सोमवारी दाखल झाले होते. वय एकोणऐंशी. हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा होता, पण अगदी काठावरचा. या वयात उगाच चिरफाड नको, म्हणून डॉक्टर आधी रक्ताचा प्रवाह मोजणार होते. एक बारीक तार आत सरकवायची आणि अडथळ्याच्या अलीकडे किती दाब, पलीकडे किती, ते बघायचं. त्या वेळी जे औषध देतात त्याचा असर चहामुळे उतरतो, म्हणून आधीचे चोवीस तास चहा बंद.

तात्यांना हे सगळ्यांच्या आधी समजलं होतं. निफाडकडच्या कालव्यावर त्यांनी बत्तीस वर्षं पाटकरी म्हणून लोकांचं पाणी मोजलं होतं. "मंजे पाटाच्या वरच्या मोरीला किती पाणी आन् पार शेवटाला, टेलला किती. मोजा की," असं ते म्हणाले होते. आणि चहा प्यायले होते.

पहिल्या खेपेचं खापर भेटायला आलेल्या गावकऱ्यांवर फुटलं. मग मुलगा देवराम दारातच खुर्ची टाकून बसला आणि येणाऱ्याची पिशवी तपासू लागला. सख्ख्या मामांचा थर्मास त्याने काढून घेतला, तेव्हा मामा तात्यांना न भेटताच बसस्टँडवर गेले. सिस्टर सरिताने खाटेच्या वर लाल अक्षरांत पाटी लावली. एवढं करून पुन्हा अर्धा कप.

"कोणी दिला?" देवरामने विचारलं.

तात्या छताकडे बघत राहिले. पाटावर असताना त्यांनी खोटी नोंद कधी केली नव्हती, पण पाणी चोरायला मोरी कोणी फोडली त्याचं नावही कधी सांगितलं नव्हतं.

पिशवी तपासायची राहिली होती ती एकाच माणसाची, देवरामच्या आईची. सरिताने कोपऱ्यात बसलेल्या झुंबरबाईंची तुळशीच्या काढ्याची बाटली उचलली आणि झाकण काढून वास घेतला.

"मावशी, यात चहापत्ती आहे."

झुंबरबाईंनी मान खाली घातली. "तपासलं का आपरेशन सांगत्यात. माझ्या थोरल्या भावाला बी सांगितलं व्हतं, त्यो घरी नाय आला. चहा पाजला का एक दिस लांबतो."

देवराम वडिलांकडे वळला. "तुम्हाला कळलं नाय?"

"पयल्याच घोटाला कळलं."

डॉक्टर रागावतील असं सगळ्यांना वाटलं होतं. ते झुंबरबाईंसमोर स्टूल ओढून बसले.

"मावशी, ऑपरेशन टळलं तर या मोजण्यानेच टळेल. आता उद्या सकाळपर्यंत तुम्हीच राखण करा."

झुंबरबाईंनी राखण केली. स्वतःही चहाला शिवल्या नाहीत. गुरुवारी सकाळी तात्यांना आत नेलं, तेव्हा चहावाचून झुंबरबाईंचं डोकं ठणकत होतं. दार उघडेपर्यंत त्या उभ्याच होत्या.

"वर शंभर धरलं तर पलीकडे अठ्ठ्याऐंशी पोचतंय," डॉक्टर म्हणाले. "ऐंशीच्या वर आहे. चिरफाड नाही, काही नाही. गोळ्या घ्यायच्या आणि घरी जायचं."

"टेलला अठ्ठ्याऐंशी?" तात्यांचा विश्वास बसेना. "माझ्या पाटाला निम्मं बी कधी पोचलं नाय."

झुंबरबाईंनी पदराने डोळे पुसले. "मंग म्या दोन दिस उगंच घालवले."

"उगंच कशाला? जलमभर पाटावर दुसऱ्याच्या हातचा चहा प्यालो. तुझ्याशेजारी बसून कधी प्यालो व्हतो?"

देवराम थर्मासमध्ये चहा घेऊन आला. दोन दिवसांच्या सवयीने त्याने दारातच झाकण उघडून वास घेतला. झुंबरबाई कप भरू लागल्या, तसा तात्यांनी हात आडवा धरला.

"अर्धाच. ह्या दोन दिसांवानी. ऱ्हायलेला तुला."